मापाचा दोरा

किकिंदा, ४ सप्टेंबर १९७८

आई,

मुरंब्याची बरणी पोचली. वाटेत फुटली नाही हे नवलच. टपालवाल्यानं ती सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून आणली होती आणि आमच्या गल्लीतले खड्डे तुम्ही पाहिलेतच. वुकोनं पहिल्याच दिवशी अर्धी बरणी संपवली. मी केलेला मुरंबा खाताना तो ‘छान झालाय’ म्हणतो. तुमचा खाताना काहीच म्हणत नाही, नुसता खातो.

इथं सकाळी बोटं गार पडायला लागली आहेत. गल्लीभर भाजलेल्या मिरच्यांचा धूर असतो आणि संध्याकाळी शेजारणी सुया घेऊन दारापुढच्या बाकांवर बसतात. मलाही विणायला घ्यायचंय. वुको सांगत होता की तुमच्या क्लेनोवाचमध्ये नवी सून नवऱ्यासाठी पहिला स्वेटर विणते तो सासूनं दिलेल्या दोऱ्याच्या मापावर. तोवर तिनं नवऱ्याच्या अंगाला टेप लावायची नसते म्हणे. मला आधी हसू आलं. आमच्याकडे नवऱ्याचा जुना स्वेटर टेबलावर पसरायचा, मोजायचा, झालं. पण मग म्हटलं, फेब्रुवारीत आमचं लग्न नोंदणी कचेरीत सह्या करून उरकलं. वुकोच्या बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून ना वाजंत्री, ना वरात. तुमच्या घरची एकही रीत माझ्या वाट्याला आली नाही. ही एक तरी येऊ दे.

तर वुकोच्या मापाचा दोरा पाठवाल का? गारठा वाढायच्या आत स्वेटर पुरा करते.

तुमची,
नेवेन्का


क्लेनोवाच, १२ सप्टेंबर

नेवेन्का,

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारची मिलुन्का माझ्याकडेच बसली होती. हातात सुया आणि तोंडात फुकटचा सल्ला. ‘देऊन टाक गं दोरा, कधीतरी द्यायचाच आहे.’ तिला काय जातंय बोलायला? तिला पाच मुली. तिला कुणाला दोरा द्यावा लागला नाही.

धुकं आता ओढ्यापर्यंत उतरतं. मेंढरं माळावरून खाली आणली. संध्याकाळी चूल पेटवल्याशिवाय बसवत नाही, त्यामुळे गावातल्या सगळ्या बायका घरोघरी विणायला बसल्या आहेत. मी मात्र यंदा अजून टाके घातलेले नाहीत. कुणासाठी घालू? वुको पाळण्यात होता तेव्हापासून एकही हिवाळा असा गेला नाही की त्याच्या अंगावर माझ्या हातचं नाही. दर शरदात त्याला दारात उभा करायची, दोरा लावायची आणि गाठ पुढे सरकवायची. तो हसायचा, गुदगुल्या होतात म्हणायचा.

असो. तू मागितलास, मी पाठवते आहे. पहिल्या गाठीपर्यंत छातीचा घेर, तिथून दुसरीपर्यंत बाही, तिथून तिसरीपर्यंत खांद्यापासून कमरेखालपर्यंत. लोकरही पाठवते. आपल्याच मेंढ्यांची आहे, ओढ्यात धुतलेली, माझ्या हातची कातलेली. दुकानातल्या लोकरीनं त्याच्या मानेवर पुरळ उठतं, ते तुला माहीत नसेल. तू लोकर बोटावरून घेऊन विणतेस हे मी तुझ्या स्वयंपाकघरात पाहिलं. आम्ही धागा गळ्यात टाकून मानेवरून घेतो, त्यानं टाका एकसारखा येतो. पण तुला जमेल तसं कर.

आता कामाचं. मित्रोवदान आठ नोव्हेंबरला आहे. आपल्या घराण्याच्या संताचा दिवस. तुझा सासरा ओब्राद गेल्यापासून घरधनी वुको आहे. मेणबत्ती त्यानं लावायची, सणाचा पाव त्यानं कापायचा, दिवसभर पाहुण्यांपुढे उभं त्यानं राहायचं. गेल्या वर्षी हा आला नाही. रजा नाही म्हणे. त्याचा चुलता तिहोमीर उभा राहिला. यंदाही पोरगा आला नाही तर मेणबत्ती कायमची स्वतःच्या घरी नेणार, असं तिहोमीरनं मला माझ्याच अंगणात उभं राहून सांगितलं. म्हणजे या घराचा सण संपला. वुकोला विचारलं की तो उत्तरात पावसापाण्याबद्दल लिहितो. तू तरी सरळ लिही. तो येणार आहे का?

स्तामेना


किकिंदा, २१ सप्टेंबर

आई,

लोकर, दोरा, सगळं मिळालं. लोकर उघडली आणि स्वयंपाकघरात मेंढीच येऊन बसल्यासारखं झालं. वुकोनं लडीत नाक खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मी तिथंच उभी होते, हे तो विसरलाच.

मानेवरून लोकर घेऊन पाहिली. मान अवघडली, टाके वेडेवाकडे आले. पुन्हा बोटावर आले. पण सुया मात्र नव्या आहेत. वुकोनं जुन्या सायकलच्या चाकाच्या तारा तोडून, घासून, टोकं गोल करून मला पाच सुया बनवून दिल्या. दोन संध्याकाळी त्यावरच बसला होता. इतक्या गुळगुळीत आहेत की टाका आपोआप सरकतो. तो कामावर असतो तेव्हाच विणते. पुरा होईपर्यंत बघायचा नाही, असं ठरलंय.

एक विचारायचं होतं. दोरा मला जरा मोठा वाटतो. म्हणजे बराच मोठा. वुकोचा कोट खुंटीवर असतो, तो डोळ्यांपुढे येतो आणि हात थांबतो. तुमची लोकर पहिल्या धुण्यात आटते का? म्हणून माप सैल ठेवतात का तुमच्याकडे? तसं असेल तर तसं सांगा. आणि दुसरं काही असेल तर तेही सांगा. अजून काठच झालाय, उसवायला वेळ लागणार नाही.

मित्रोवदानचं मी त्याच्यापुढे काढलं. तो उठून सरपण आणायला गेला. सरपण भरपूर होतं.

नेवेन्का


क्लेनोवाच, २९ सप्टेंबर

नेवेन्का,

लोकर आटते. आमच्या लोकरीला आम्ही ओळखतो. दोरा सांगतो तसं विण आणि कोटाकडे बघू नकोस. माझ्या सासूनं मला ओब्रादचा दोरा दिला तेव्हा मी तिला एक अक्षर विचारलं नव्हतं.

सायकलच्या तारांच्या सुया! वा. मी अजून माझ्या आईच्या सुयांवर विणते. त्यातली एक वाकडी आहे आणि एकीचं टोक गेलंय. वुकोनं ती वाकडी सुई शंभरदा पाहिली. लहानपणी तिनं चुलीतली राख उकरायचा, मार खायचा. इतक्या वर्षांत त्याला कधी वाटलं नाही की आईला एखादी सरळ करून द्यावी. तुमच्या सपाट मुलखात गेल्यावर हात कसे चालायला लागले बघ. मी मिलुन्काला सांगितलं तर ती म्हणाली, ‘नवरा झाला की येतं शहाणपण.’ मी म्हटलं, मुलगा असताना काय झोपला होता?

सरपण आणायला गेला, हे मला नको सांगूस. माझा मुलगा काही कोकरू नाही, पण त्याला दावं लावलेलं मला इथून दिसतं. तुझ्याकडे चढ म्हणजे घराचा उंबरठा. डोंगर चढून यायचं तुझ्या जिवावर येत असेल. तुझ्या घरात तो सुखानं राहतो, खातो, सुया घासतो. राहू दे. मी वर्षातला एक दिवस मागते आहे. तेवढाही तुला सोडवत नाही का?

तिहोमीर परवा येऊन मेणबत्तीचा पितळी दिवा उचलून, वजन करून गेला. माझ्यासमोर!

स्तामेना


किकिंदा, १८ ऑक्टोबर

आई,

स्वेटर झाला. धुतला, वाळवला, वुकोनं घातला. अगदी अंगाबरोबर बसला. कुठं ओढत नाही, कुठं लोंबत नाही. तेव्हापासून त्यानं तो काढलेला नाही. इतकं अचूक माप दिल्याबद्दल तुमचे आभार.

मी कुणाला दावं लावलेलं नाही.

नेवेन्का


क्लेनोवाच, २३ ऑक्टोबर

नेवेन्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, काय चारते आहे ही त्याला? बदकाची चरबी? खसखशीच्या शेवया? माझ्या हातचं खाऊन तो पंचवीस वर्षं काठीसारखा राहिला आणि तुझ्या हातचं खाऊन आठ महिन्यांत दाराएवढा झाला. मिलुन्कासमोर मी बोललेसुद्धा, ‘सुखात आहे बघ माझा मुलगा, फुगलाय.’ आणि मग घरात येऊन खूप रडले. माझ्याकडे असताना तो सुखात नव्हता, असंच झालं ना ते?

मग पुन्हा वाचलं आणि लगेच कागद घेतला. आता लिहिते ते नीट वाच.

तो दोरा वुकोचा नाही. ओब्रादचा आहे. दाराआडच्या खिळ्याला दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतात. अंधारात हात चुकला असं लिहिता आलं असतं, पण भर दुपार होती. माझा हात वुकोच्या दोऱ्याला लागला आणि तिथून उचलला गेला. मला वाटलं, विणू दे हिला पोतं. तो घालेल, आरशात बघेल आणि म्हणेल, आईच्या हाताची सर नाही. तेवढं एकदा त्यानं म्हणावं, एवढीच इच्छा होती. तू मध्येच विचारलंस, तेव्हाही मी खोटं बोलले. आमची लोकर आटत नाही. मी ती उकळत्या पाण्यातून काढते, जे आटायचं ते आधीच आटतं.

पण ते राहू दे. ते माप ओब्रादच्या शेवटच्या वर्षाचं आहे. उझित्सेच्या डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं, वजन उतरवा, हृदयाला झेपत नाही. ओब्राद हसला. त्याच उन्हाळ्यात गवत रचताना दाताळ्यावर टेकला, आणि तसाच खाली आला. तू म्हणतेस तो स्वेटर वुकोला अंगाबरोबर बसला. वुको अजून तिशीचाही नाही. नेवेन्का, मला शिव्या दे, काय हवं ते लिही, पण त्याला आधी डॉक्टरकडे ने. लगेच ने. आणि खरं काय ते कळव.

स्तामेना


किकिंदा, २८ ऑक्टोबर

आई,

पहिल्यांदा हे: वुको ठीक आहे. होता तस्साच काठीसारखा आहे. पट्ट्याला या उन्हाळ्यात मी एक भोक वाढवलं, तेही आतल्या बाजूला. डॉक्टरची गरज नाही. माझ्या पत्रानं तुमच्या जिवाला घोर लागला, त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

मला पहिल्या काठालाच कळलं होतं. लोकर आटते का, असं मी विचारलं ते तुम्हाला खरं सांगायची वाट करून द्यावी म्हणून. तुम्ही वाट बंद केलीत. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, दोरा सांगतो तसाच विणीन, एक टाका कमी करणार नाही, आणि पोतं तयार झालं की टपालानं तुमच्याकडे परत पाठवीन, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत काय लिहायचं तेसुद्धा विणता विणता तयार झालं होतं. आता ते नाही लिहीत.

स्वेटर धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता. वुको त्या दिवशी कामावरून लवकर आला. दारातच थांबला. मला वाटलं, आता हसेल. तो जवळ गेला, खांद्यांवरून हात फिरवला आणि ओलाच अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली आल्या. मग चुलीपाशी बसला आणि म्हणाला, ‘बाबांचा आहे.’ आणि रडायला लागला. बाबा गेल्याची तार आली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मग बोलला. आठ महिन्यांत माझ्याशी बोलला नसेल इतकं. मित्रोवदानला बाबा उभे राहायचे तेव्हा मागचं अर्धं दार झाकलं जायचं म्हणे. ‘मी तिथं उभा राहिलो की लोकांना माझ्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा दिसेल,’ असं म्हणाला. गेल्या वर्षी रजा मिळत होती, आई. त्यानं मागितलीच नाही. तेव्हा आमचं लग्नही व्हायचं होतं, तरी माग, माग, म्हणून मी मागे लागले होते. दावं लावणारी ती मी.

आता म्हणतो, जाईन. हाच घालून जाईन. मी म्हटलं, बाह्या उसवून आखूड करून देते, तर त्यानं हात मागे घेतले.

खरं सांगू? माझा जळफळाट झाला. महिनाभर बोटं मी झिजवली आणि त्याच्या तोंडून नाव निघालं बाबांचं. लोकरीच्या वासात त्याला तुम्ही दिसता, स्वेटरमध्ये बाबा दिसतात. मी विणलेला आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं. तेव्हा म्हणाला, ‘छान झालाय.’

तो सातला संध्याकाळी पोचेल. मी येत नाही. तुमची सगळी पत्रं काढून वाचली. ‘तो येणार का’ असं प्रत्येकात आहे. ‘तुम्ही दोघं’ असं एकातही नाही.

नेवेन्का


क्लेनोवाच, १२ नोव्हेंबर

नेवेन्का,

वुको आज सकाळच्या बसनं निघाला. हे पत्र पोचायच्या आधी तुला सगळं सांगून झालं असेल. पण तो अर्धंच सांगतो, म्हणून मी लिहिते.

तो उभा राहिला. सकाळी मेणबत्ती लावताना दोन काड्या विझल्या, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्यानंतर रात्री शेवटचा पाहुणा जाईपर्यंत एकदाही बसला नाही. बाह्या तीनदा दुमडल्या होत्या तरी पाव कापताना डावी सुटली आणि सरळ वाइनच्या पेल्यात बुडाली. तिहोमीर ओरडला, ‘काय रे, बापाचा चोरून आणलास?’ सगळे हसले. वुकोही हसला आणि म्हणाला, ‘नाही काका. बायकोनं विणलाय. वाढत्या अंगाचा.’ तिहोमीरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘बरं केलंन. होशील मोठा.’ त्या पितळी दिव्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेला.

मग बायका जमल्या. कुणी काठ उलटून बघतंय, कुणी गळा ओढून बघतंय. ‘कुणाचा हात आहे हा?’ दहाजणींनी विचारलं आणि दहाहीजणींना मला सांगावं लागलं की सुनेचा. यंदा मी काय विणलं, ते एकीनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वुको ओढ्यावर गेला तेव्हा मी तो स्वेटर खिडकीत नेला, आतली बाजू बाहेर काढली आणि टाका टाका तपासला. निसटलेला टाका नाही, एकही मोठी गाठ नाही. बोटावरून लोकर घेऊन असं कसं जमतं कोण जाणे. मला फार वाईट वाटलं.

आणि ओब्रादचं काय सांगू? त्या माणसानं जन्मात सुई हातात धरली नाही. मी त्या पोरासाठी पाळण्यापासून विणत आले. माझ्या एकाच स्वेटरपायी तो रडला, तोही गळ्यात टोचत होता म्हणून. आणि बापाच्या मापाचं नुसतं पोतं बघून तुझ्या चुलीपाशी रडला. तू तुझा जळफळाट लिहिलास, तर माझाही घे लिहून. मला मेलेल्या नवऱ्याचा हेवा वाटला, आणि तुझा तर वाटतोच. फेब्रुवारीपासून वाटतो. आज लिहिलं एवढंच.

वुकोचा दोरा पाठवत नाही. तुझा नवरा आहे, तुझ्या घरात आहे, हात आहेत तुला. माप घे. गुदगुल्या होतात म्हणून तो वळवळतो, तेव्हा दोनदा मोजावं लागतं.

आता एक राहिलं. हे लिहावं की नाही, ते ठरवायला मी दोन दिवस घेतले. सणाच्या दिवशी घरधन्याच्या डाव्या हाताला उभं राहून गोड गव्हाचं ताट पाहुण्यांपुढे करायचं, ही माझी जागा. लग्न झाल्यापासूनची. यंदाही तिथंच उभी राहिले. वुको पावाचा तुकडा द्यायचा आणि डावीकडे वळायचा. वळला की मला बघून जरासा थांबायचा. प्रत्येक पाहुण्याला तसंच. मला वाटलं, माझं काही चुकतंय. डोक्यावरचा रुमाल नीट केला, ताट जरा वर धरलं. मिलुन्का कानाशी येऊन म्हणाली, ‘अगं, बायकोला शोधतोय तो.’ मी म्हटलं, ‘मला दिसतंय. मी आंधळी नाही.’ पण मला दिसलं नव्हतं. ती म्हणाली तेव्हा दिसलं. पुढचे सगळे पाहुणे मी तसेच काढले, ताट धरून, त्याच्या वाटेत उभी.

पुढच्या मित्रोवदानला तुम्ही दोघं या. बघ, लिहिलं. त्या जागेवर तू उभी राहा. मी भिंतीशी बसेन. बसायची मला सवय नाही, आणि ताट तू चुकीचं धरणार हे मला आत्ताच माहीत आहे. बसल्या जागेवरून मी ते सगळ्यांसमोर सांगणार. ऐकून घे, पण जागा सोडू नकोस.

तुझी सासू,
स्तामेना